स्फटिकावरचं कुंकू

"आमची पोरगी सांगलीला गेरूवर पीएचडी करतीय," असं माझे वडील साताऱ्यात भेटेल त्याला सांगायचे, आणि मी सुट्टीला घरी गेले की त्यांच्यावर चिडायचे. चिडायचं कारण एवढंच की ते खरं होतं. कुंड्यांना लावतात तो गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, आणि हेमॅटाइट नावाच्या ज्या खनिजाच्या स्फटिकावर मी काम करत होते तोही लोखंडाचा तोच ऑक्साइड. गेरू भुकटीत असतो म्हणून तांबडा दिसतो. माझा स्फटिक अंगठ्याच्या नखाएवढा, काळाभोर आणि चकचकीत होता, पण त्याचा कोपरा पांढऱ्या फरशीवर घासला की तांबडीच रेघ उठायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "त्यात एवढं काय शिकायचं गं? बाजारात किलोनं मिळतो की." मी त्यांना सांगायला गेले की त्याच्या अगदी वरच्या थरात अणू कसे बसलेत ते मला पाहायचंय. काकू म्हणाल्या, "बसलेत तर बसू देत की बिचारे."

या स्फटिकाच्या पोटात अणू कसे बसलेत हे जगाला कधीच कळलं होतं. ऑक्सिजनचा थर, त्याच्या खळग्यांत लोखंड, वर पुन्हा ऑक्सिजन, असं खालपासून वरपर्यंत. पण हा क्रम कुठेतरी संपतो. जिथे संपतो तिथे सगळ्यात वर कोण, लोखंड की ऑक्सिजन, आणि डोक्यावर शेजारी नसल्यामुळे तिथले अणू आपली जागा किती सोडतात, यावर त्या काळात मोठमोठी माणसं भांडत होती. एसटीत मधोमध चेपून उभ्या असलेल्या माणसाला हलता येत नाही. दाराशी उभा असलेला मात्र जरा जागा मिळाली की पाय पसरतो. मी दाराशी उभ्या असलेल्यांचा अभ्यास करत होते. सांगलीच्या एका कॉलेजात, जिथे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जायची, तिथे बसून हा अभ्यास करता येतो असं मानणारा एकच माणूस होता, आणि नशिबानं तो माझा मार्गदर्शक होता.

सरांबद्दल थोडं सांगायला हवं. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, सायकलवरून येणारे. ते कधी रागावलेले मी पाहिले नाहीत, आणि त्यामुळे मला त्यांचा फार धाक वाटायचा. त्यांचं म्हणणं असं, की अणू पाहणारं यंत्र आपल्याकडे नाही, ते पुण्याला आहे, वर्षातून दोनदा चार-चार दिवस आपल्याला वापरायला मिळतं, तेवढं पुष्कळ आहे. यंत्रापुढे ठेवायचा पृष्ठभाग मात्र आपणच करायचा, आणि तो असा करायचा की पुण्याच्या लोकांनी बघत राहावं. स्फटिक योग्य कोनात कापणं, घासणं, चकाकी आणणं, ऑक्सिजनच्या झोतात भट्टीत तापवणं, हे सगळं सांगलीत व्हायचं. पृष्ठभाग साफ करायला इतर ठिकाणी त्याच्यावर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करतात. सरांना ते पसंत नव्हतं. त्या माऱ्यानं ऑक्सिजन उडून जातो, मग आपण जे बघतो ते स्फटिकाचं खरं रूप नव्हे, मार खाल्लेलं रूप असतं, असं ते म्हणायचे. नुसतं तापवून शुद्ध करा, हा त्यांचा हट्ट होता. या हट्टानं पुढे आम्हाला कुठे नेलं ते येईलच.

आणि घासण्याचं काम करायचे हवालदार. ते आमच्या विभागातले प्रयोगशाळा परिचर. सतरा वर्षं फौजेत काढून आलेले, पाटणकडच्या एका गावचे, जाड मिशा, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. सगळे त्यांना हवालदार म्हणायचे. मी तोंडावर मामा म्हणायचे. आम्ही दोघं सातारा जिल्ह्यातली, म्हणून सांगलीच्या पाण्याला, सांगलीच्या भेळेला आणि सांगलीकरांच्या सावकाश चालण्याला नावं ठेवायचा आमचा एक गुप्त करार होता.

स्फटिक घासायचं काम खरं तर माझं. पहिल्या वर्षी मी दोन स्फटिक खराब केले. कापडावर अॅल्युमिनाची पांढरी भुकटी पाण्यात कालवून घ्यायची आणि त्यावर स्फटिक तासन् तास फिरवायचा, आठाच्या आकड्यासारखा. मी फिरवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की चरेच चरे. तिसऱ्या वेळी डोळ्यात पाणी आलं. हवालदार मागे उभे होते.

"म्याडम, तुमी दाबताय," ते म्हणाले. "दाबू नगा. रागानं घासलं की चरा पडतोय. त्येचं त्येला फिरू द्या."

"मग तुम्हीच दाखवा," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

त्यांनी हात धुतले, नखं पाहिली, खुर्ची बाजूला सारून उभ्यानं सुरुवात केली. दोन तासांनी त्यांनी स्फटिक ट्यूबलाइटखाली धरला. त्यात नळीचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्याच्या कडा सुरेख सरळ होत्या. कुठे वाकडेपणा नाही, कुठे धुरकटपणा नाही. रायफलीच्या नळीत डोळा लावून लावून ही नजर तयार झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एक चरा नव्हता. मी आतापर्यंत बरीच हुशार माणसं पाहिली आहेत, पण हातात एवढी अक्कल असलेला दुसरा माणूस पाहिलेला नाही. त्या दिवसापासून घासायचं काम त्यांचं आणि नोंदी करायचं काम माझं झालं.

त्यांनी घासलेला पहिला स्फटिक स्टीलच्या डबीत, डबी मांडीवर, अशी मी मिरजेहून गाडीनं पुण्याला गेले. यंत्र पूर्ण निर्वात करायला एक दिवस गेला. मग इलेक्ट्रॉनचा झोत सोडला आणि समोरच्या गोल पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. षटकोनात मांडलेले, टोकदार, शांत. प्रत्येक ठिपका म्हणजे वरच्या थरातल्या अणूंची एकेक शिस्त. पुण्याचा एक संशोधक उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एवढे टोकदार ठिपके? हे घासलं कुणी?" मी सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि तो स्वतःपेक्षा हवालदारांबद्दल जास्त होता.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण नुसते सुंदर ठिपके दाखवून पीएचडी मिळत नाही. काहीतरी नवं सापडावं लागतं, आणि चार वर्षं झाली तरी मला इतरांना जे दिसलं होतं तेच दिसत होतं. पाचवं वर्ष शिष्यवृत्तीचं शेवटचं. त्यानंतर घरी जाऊन कुठल्या तरी शाळेत नोकरी धरायची, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. आमच्या घरातली, आमच्या वस्तीतली विज्ञानात एवढं शिकलेली मी पहिली. मी हात हलवत परत आले असते तर वडील एक शब्द बोलले नसते, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

त्या वर्षी आमच्याकडे एकच चांगला मोठा स्फटिक उरला होता. सरांनी तो कापून दोन तुकडे केले. एक तुकडा हवालदारांनी सप्टेंबरात घासून तयार केला आणि तो कपाटात काचेच्या कोरड्या भांड्यात ठेवला. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक हवालदारांकडे. दसरा आला तशी मी दोन दिवस आधीच साताऱ्याला गेले. दसरा म्हणजे आमच्या घरी धम्मचक्र दिन. विहारात वंदना, पांढऱ्या साड्या, दुपारी वस्तीचं जेवण. परत आल्यावर तोच तुकडा भट्टीत घातला, आणि दिवाळी झाल्यावर पुण्याला नेला.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर ठिपके आले. नेहमीचे सहा होतेच, पण त्यांच्या मधल्या जागेत आणखी फिकट ठिपके होते. मी डोळे चोळले. दिवा बंद करून पुन्हा पाहिलं. होते. याचा अर्थ वरच्या थरात काहीतरी नवी रचना बसली होती, खालच्यापेक्षा वेगळ्या मापाची. पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणीही त्याच यंत्रात होती. तिच्यात लोखंड, ऑक्सिजन, आणि एक लहानशी पण स्पष्ट खूण कॅल्शियमची. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. हेच ते, असं मला वाटलं, आणि मी चक्क हसत सुटले.

सरांनी आलेख पाहिले, दोनदा पाहिले. खनिज जमिनीतून आलेलं. त्याच्या पोटात थोडं कॅल्शियम असणारच. तापवल्यावर ते वर आलं आणि शिस्तीत बसलं, असा अर्थ आम्ही लावला. तो तर्काला धरून होता. सर म्हणाले, "चांगलं आहे." सरांच्या तोंडी हे म्हणजे फटाके वाजवण्यासारखंच होतं. लेख लिहून झाला, एका परिषदेला पाठवला, तिकडून होकारही आला. वडिलांना मी पोस्टकार्ड टाकलं. ते कार्ड घेऊन ते वस्तीत फिरल्याचं मला नंतर कळलं.

जानेवारीत एके दुपारी मी एमएस्सीच्या मुलींना माझे आलेख दाखवत होते. कॅल्शियम म्हणजे आपल्या चुन्यात असतं तेच, असं सांगत होते. हवालदार पलीकडच्या टेबलावर फ्लास्क पुसत होते. मुली गेल्या. हवालदारांनी हातातला फ्लास्क खाली ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्याडम, कुंकवात चुना असतोय."

"असेल," मी म्हटलं.

"असेल न्हवं, असतोय. आमची आई घरी करायची. हळदीला चुना नि लिंबू लावायचं, तवा ती लाल व्हायची."

"बरं, मग?"

"मग म्या लावलंय. खंडेनवमीला. तुमच्या स्फटिकाला."

मला पहिल्यांदा काही उमगलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फौजेत शस्त्रांची पूजा होते, इथे आल्यापासून ते दरवर्षी विभागातल्या यंत्रांची करतात: तराजू, सूक्ष्मदर्शक, भट्टी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या वर्षी सगळं झाल्यावर त्यांची नजर कपाटाकडे गेली.

"म्हनलं, खरं हत्यार तर ह्येच हाय. बाकीच्यांस्नी कुंकू नि ह्येलाच न्हाई? तुमी बी हितं न्हवता. म्हनून तुमच्या वतीनं लावलं."

"कुठे लावलं? मागच्या बाजूला?" मी विचारलं. अजून एक धागा हातात होता. मागच्या बाजूला असतं तर वाचलो असतो.

"मागं?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "पाठीला कुंकू कोन लावतं? तोंडावरच लावलं. चकाकी हाय तिकडं. मग लगेच स्पिरिटच्या कापसानं पुसून घेतलं. डाग ऱ्हायला न्हाई, आरशागत केलं परत."

डाग राहिला नव्हता हे खरंच होतं. डोळ्याला दिसेल असं काही राहिलं नव्हतं. पण डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी पाहण्यासाठीच तर आमचा सगळा खटाटोप होता. कुंकवातलं जे जळणारं होतं ते भट्टीत जळून गेलं, आणि चुना मागे राहिला. इतर कुणी आयनांचा मारा करून तो उडवला असता. आम्ही नुसतं तापवलं, आणि त्याला नीट पक्कं केलं.

मी रागावले. रागावले म्हणजे काय, माझा तोल सुटला. माझा स्वभाव तापट आहे, घरातही सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुमच्या देवानं माझी पाच वर्षं खाल्ली, मामा." हे वाक्य बोलल्याची मला आजही लाज वाटते. ते सावधान उभे होते, हात पँटच्या शिवणीला लावून. माझं बोलणं संपेपर्यंत हलले नाहीत.

मग म्हणाले, "देवासाठी न्हाई लावलं. तुमच्या कामाला यश यावं म्हनून लावलं. शिक्षा काय ती द्या."

मी तशीच सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "तो बोलला नसता तर आपल्याला कळलं असतं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नसतं कळलं. कुणालाच, कधीच.

"मग आधी त्याला बसवून चहा दे," सर म्हणाले. "मी परिषदेला पत्र लिहितो."

त्यांनी तिथेच कागद ओढला आणि लेख मागे घेत असल्याचं लिहिलं, माझ्यादेखत, एकही शब्द न खोडता. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला लेख झाला असता. मी बाहेर जाऊन चहा केला. हवालदारांनी तो उभ्यानंच प्यायला.

दुसरा तुकडा शिल्लक होता. तो घासायचा कुणी हा प्रश्न दोन दिवस लोंबकळत राहिला, कारण हवालदार कपाटाकडे फिरकत नव्हते. त्यांनी आपली किल्ली सरांच्या टेबलावर आणून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मी ती किल्ली आणि तुकडा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "मामा, मी घासलं तर चरे पडतील. मी अजून रागात आहे." ते हसले. मिशीखाली, पण हसले. तीन दिवस त्यांनी तो तुकडा घासला.

एप्रिलमध्ये पुण्यात त्या तुकड्यावर फक्त सहा ठिपके दिसले. कॅल्शियम नाही, मधले फिकट ठिपके नाहीत. म्हणजे आमचा अर्थ चुकला होता. कॅल्शियम आतून आलं नव्हतं. मग सरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याच तुकड्यावर मुद्दाम अगदी विरळ चुन्याच्या निवळीचा थेंब दिला, सुकवला, तिथल्याच भट्टीत परत तापवला, परत यंत्रात घातला. मधले ठिपके उगवले, जसेच्या तसे. बाहेरून आलेलं कॅल्शियमही त्या पृष्ठभागावर आपापली जागा शोधून रांगेत बसतं, हे दिसलं. ते कुणी आधी दाखवलेलं नव्हतं. पुण्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत मला इतका आनंद झाला की मी यंत्राच्या खांबाला मिठी मारली. निर्जीव दगडाच्या अंगावर हे असं घडतं, आणि ते बघायला मिळतं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता प्रबंध उभा राहत होता. पण एक अडचण होती. पहिल्या तुकड्यावर कॅल्शियम कुठून आलं, ते लिहायला हवं होतं. हवालदार नऊ वर्षं हंगामी होते आणि त्यांना कायम करण्याचा कागद त्याच सुमारास प्राचार्यांच्या टेबलावर गेला होता. प्राचार्य कडक, एका दुसऱ्या परिचराला त्यांनी तराजू मोडला म्हणून घरी पाठवलं होतं. कपाट उघडून संशोधनाचा नमुना हाताळला, तोही कुंकू लावायला, हे छापील कागदावर आलं तर काय होणार ते मला दिसत होतं. म्हणून मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं: साठवणीच्या काळात नमुन्याला 'अॅक्सिडेंटल' म्हणजे अपघातानं बाहेरचं कॅल्शियम लागलं. सरांची पेन्सिल त्या वाक्यावर थांबली. मग त्यांनी पान उलटलं.

तोंडी परीक्षा खुली असते. येईल त्यानं बसावं. पहिल्या रांगेत प्राचार्य आणि इतर विभागांचे प्रमुख, मागे विद्यार्थी, आणि सगळ्यात मागे साताऱ्याहून आलेले माझे वडील, नवीन शर्ट घालून. हवालदार दारात चहाचा ट्रे घेऊन तयार. बाहेरचे परीक्षक पुण्याहून आलेले, वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. तासभर सगळं नीट झालं. मग त्यांनी प्रबंधाचं ते पान उघडलं.

"तुमचं सगळं प्रकरण यावर उभं आहे की पहिल्या तुकड्यावरचं कॅल्शियम बाहेरून आलं," ते इंग्रजीत म्हणाले. "दुसऱ्या तुकड्यात ते नव्हतं, मान्य. पण हे खनिज आहे. एका स्फटिकाच्या दोन टोकांत फरक असू शकतो. पहिल्यातलं आतूनच आलेलं नव्हतं कशावरून?"

"ते बाहेरून लागलं होतं, सर," मी म्हटलं.

"कसं?"

"अॅक्सिडेंटली."

त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत आले. "अहो, अपघातानं म्हणजे कसं? काय लागलं, कधी लागलं, कुणी पाहिलं? तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगा. मग हे प्रकरण काढून टाकावं लागेल आणि प्रबंध परत लिहावा लागेल. आणि माहीत असेल तर सांगत का नाही?"

प्रकरण काढलं तर प्रबंधात काही उरतच नव्हतं. समोर प्राचार्य बसले होते. मी सरांकडे पाहिलं. ते आपल्या हातांकडे बघत होते. खरं सांगते, मी गप्प बसणार होते. पण ते धाडस होतं की भित्रेपणा, मला आजही सांगता येत नाही.

टेबलावर ट्रे ठेवल्याचा आवाज झाला.

"साहेब, चुकून न्हाई लागलं," हवालदार म्हणाले. "म्या लावलंय. जानूनबुजून."

मागे कुणीतरी हसलं. परीक्षकांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "आपण कोण?" त्यांनी विचारलं. हवालदारांनी फौजेतल्यासारखं आपलं नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी, सगळं सांगितलं. परीक्षकांनी पेन उघडलं.

"काय लावलंत?"

"कुंकू. हळदीला चुना देऊन केल्यालं. घरचं."

"किती?"

"तांदळाच्या दान्याएवढं. ह्या बोटानं." त्यांनी अनामिका पुढे केली.

"कधी?"

"खंडेनवमीला, सकाळी नऊ वाजता. पाच मिन्टांत पुसलं. स्पिरिटनं, दोन बोळ्यांनी. अकराव्या दिवशी म्याडमनी भट्टीत घातला."

"मधे कुणी हात लावला?"

"न्हाई. किल्ली माज्याकडं नि म्याडमकडं. म्याडम साताऱ्याला हुत्या."

"परवानगी घेतली होती?" हे प्राचार्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब," हवालदार त्यांच्याकडे वळून म्हणाले. "ती घ्यायला पायजे हुती."

परीक्षक लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी बाजूची रिकामी खुर्ची स्वतः ओढली आणि म्हणाले, "बसा. नमुन्याचा इतका चोख इतिहास मला आजवर कुणी दिलेला नाही." हवालदार बसले नाहीत. त्यांनी चहाचे कप वाटायला सुरुवात केली, पहिला प्राचार्यांना.

अर्ध्या तासानं निकाल सांगितला. पदवी द्यावी अशी शिफारस झाली, एका दुरुस्तीसह: ते वाक्य बदला. वडील उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळून तसेच उभे राहिले. हवालदारांना कायम केलं गेलं, पण त्याला आणखी दीड वर्ष लागलं, आणि उशीर का झाला ते कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं. ते कपबशा विसळत होते. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला वाचवायला तसं लिहिलं होतं मी. तुम्ही कशाला उठलात?"

त्यांनी नळ बंद केला. "ते कळलं मला, म्याडम. तुमचा जीव हाय माज्यावर. पर अॅक्सिडेंट कसं लिवता तुमी? आंगुळ करून, धुतल्याली कापडं घालून, पयलं तुमचं नाव घेऊन लावलं हुतं म्या."